मदत हवी आहे: एचआयव्ही संसर्ग, फौजदारी कलमं आणि घटना

नमस्कार मंडळी, एलएलएमचा डिझर्टेशन करतेय, विषय एचआयव्ही पसरवण्याला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यांना दिलेली घटनात्मक आव्हानं. मला मुख्यतः केनियाचा निकाल घ्यायचाय. तिथल्या 2006 च्या एड्स कायद्याचं कलम 24 (आपल्याला एचआयव्ही आहे हे 'सेक्शुअल कॉन्टॅक्ट'ला आधी सांगणं बंधनकारक करणारं) हायकोर्टाने 2015 मध्ये रद्द केलं, कारण 'सेक्शुअल कॉन्टॅक्ट' म्हणजे नेमकं कोण हे कायद्यात कुठेच सांगितलेलं नव्हतं, शिवाय प्रायव्हसीचा हक्क मोडत होता. आणि हे वाचताना मला सारखा आपला गोवा आठवतो. 1989 मध्ये डॉमिनिक डिसोझा हा नियमित रक्तदान करणारा तरुण, त्याला एचआयव्ही असल्याचं कळल्यावर पोलिसांनी नेऊन म्हापशाच्या जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये 64 दिवस कोंडलं, त्याची आई लुसी कोर्टात गेली तर मुंबई हायकोर्टाने एचआयव्ही असलेल्यांना असं वेगळं कोंडू देणारा गोव्याचा कायदा योग्यच ठरवला! एका आईचं नाव केसला आहे हे वाचून गलबलतं अजूनही.

आता आपल्याकडे बीएनएसची (भारतीय न्याय संहिता) 271, 272 कलमं आहेत (आधीची आयपीसी, म्हणजे भारतीय दंड संहिता, 269, 270), ती जीवघेण्या आजाराचा संसर्ग पसरण्याची शक्यता असलेलं कृत्य गुन्हा ठरवतात, पण त्यात एचआयव्हीचं नावही नाही, फक्त जीवघेणा आजार. 2017 च्या एचआयव्ही कायद्याचं कलम 10 मात्र हिंसेची भीती असलेल्या बाईला पार्टनरला सांगण्यातून सूट देतं. मग केनियासारखा 'अस्पष्ट कायदा' हा मुद्दा 271 वर घटनेच्या आर्टिकल 14 (समानता) आणि 21 (जीवित आणि स्वातंत्र्य) खाली टिकेल का? आणि औषधं नियमित घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडतच नसेल तर संसर्गाची 'शक्यता' कशी धरायची? कुणी वकील किंवा या क्षेत्रात काम करणारं असेल तर प्लीज सांगा, मराठीत काही वाचायला असेल तरी चालेल.