जाहिरात बघा, दान होईल: संस्थांनी अशा करारावर सही करावी का?

हिशेबनीस, डिचोली
ऑनलाइन जाहिरात कंपनी संस्थेच्या दारात येते तेव्हा बोलणं साधारण असं असतं: तुमच्या माणसांनी आमचं पान उघडायचं, तिथे हॉटेलांच्या-सोनारांच्या जाहिराती दिसणार, आणि नफ्यातला अर्धा वाटा तुमचा. माझं म्हणणं, नफ्यावर टक्का असेल तर सही करू नका, जमेवर, म्हणजे खर्च वजा करण्याआधीच्या रकमेवर मागा.

हिशेब करून बघा. महिन्यात पान ५०,००० वेळा उघडलं, पानावर दोन जाहिराती, म्हणजे १ लाख दर्शनं. हजारी ४० रुपये दर धरला तर जमा ४,०००. पगार, सर्व्हर, विक्रीचं कमिशन वजा जाता ६०० उरले, तर संस्थेला ३००. जमेवर २५ टक्के ठरले असते तर १,०००. पगार किती लावायचा ते कंपनी ठरवते. जमा मात्र बिलांवरून पडताळता येते. बिलातला १८ टक्के जीएसटी जमेत मोजू नका, तो सरकारचा.

आडवाट, पणजी
जमेवर टक्का मागितलात तर छोटी कंपनी पहिल्याच पावसाळ्यात बसेल. आपल्याकडे हॉटेलवाले पैसे सोडतात ऑक्टोबर ते मे. चवथीच्या तोंडावर कापडवाले, सोनार येतात. जून-जुलैत जाहिरात कोण देतो? खर्च बारा महिने चालू असतो. बर्लिनची इकोसिया २००९ पासून शोधयंत्रावरच्या जाहिरातींतून झाडं लावते. तीसुद्धा आधी खर्च काढते, मग नफा देते. ती लबाड का?

माड, मडगाव
आडवाटबाब, अर्धीच गोष्ट सांगितलीत. इकोसिया दर महिन्याचा जमाखर्च लोकांपुढे ठेवते, आणि २०१८ मध्ये मालकांनी कंपनी विकून किंवा नफा काढून घेऊन स्वतः पैसे कमावण्याचा हक्कच सोडला. तेवढं केलं तर नफ्यावरचा टक्का चालेल. आपल्याकडच्या कंपन्या वर्षअखेरीला एक चेक आणि एक फोटो देतात.

आणि लोकांनाही आकडा कळू द्या. फ्रीराइस हे प्रश्नोत्तरांच्या खेळातून तांदूळ दान करणारं संकेतस्थळ २००७ मध्ये सुरू झालं तेव्हा बरोबर उत्तराला १० दाणे तांदूळ, पैसे पानावरच्या जाहिरातदारांचे. किलोत साधारण ४०-५० हजार दाणे बसतात. म्हणजे किलोभर तांदळाला चार-पाच हजार बरोबर उत्तरं! वाईट काही नाही त्यात, पण एका टिचकीत पोट भरलं असं कोणी समजू नये.

काजूबाग, वाळपई
टक्क्याआधी खातं टिकतं का ते बघा. संस्थेने स्वतः गूगल अ‍ॅडसेन्स (आपल्या पानावर जाहिराती दाखवून पैसे मिळवायची गूगलची सेवा) घेतलं की चार दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ‘लिंक उघडा, जाहिरातीवर टॅप करा, कुत्र्यांना जेवण मिळेल.’ नियमात हे सरळ मना आहे. पैसे तिसऱ्या कोणासाठी गोळा करतोय म्हणून क्लिक मागणंसुद्धा. एकाच गावातून, त्याच त्या फोनांवरून क्लिक वाढले की ते अवैध धरतात, कमाई कापून जाहिरातदाराला परत जाते आणि खातं बंद होऊ शकतं. शिवाय १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. ४,०००च्या हिशेबाने संस्थेला दोन-तीन महिने थांबावं लागेल.

दर्शन कशाला म्हणायचं तेही करारात घाला. प्रचलित माप असं: जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर, व्हिडिओ असेल तर दोन सेकंद. पानाच्या तळाशी लोड झालेली आणि कोणी न पाहिलेली जाहिरात मोजली तर आकडा फुगतो, आणि जाहिरातदार पुढच्या महिन्यापासून गायब.

आडवाट, पणजी
हिशेबनीसबाबांच्या कराराची दुसरी बाजू कोणी बोलत नाही. संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह वापरू देण्याबद्दल जमेवर अमुक टक्के, असं लिहिलंत की ती रक्कम दान उरत नाही, मोबदला होते. मग कंपनीला ८०जीची, म्हणजे दानावर करसवलत मिळवून देणारी पावती द्यायची कशी? आम्ही कंपनीवाले नफ्यातून स्वखुशीने देतो ते याचसाठी.

हिशेबनीस, डिचोली
पावती नको द्यायला. कंपनीने तो धंद्याचा खर्च दाखवावा, तिचं काही बिघडत नाही. संस्थेची वर्षाची सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीही लागत नाही. जपायचं ते वेगळंच: आयकराच्या ‘सामान्य लोकोपयोगी’ वर्गातल्या संस्थेची धंद्याची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की त्या वर्षाची करसवलत जाते. देणग्या ३ लाख आणि जाहिरातीचे १ लाख, म्हणजे २५ टक्के, गेलीच. शाळा-दवाखाना चालवणाऱ्यांना ही टक्केवारी नाही, पण वेगळी वही ठेवावीच लागते.

स्वखुशीचं म्हणाल तर स्वखुशी जुलैत आटते, आणि आश्रयघरातली कुत्री जुलैतही जेवतात.

माड, मडगाव
जाहिरातदारांनाही सांगून टाका. मोठ्या हॉटेल कंपन्या विचारतात, ‘हे आमच्या सीएसआरमध्ये (मोठ्या कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चात) बसेल ना?’ नाही बसत. आपल्या मालाची प्रसिद्धी व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजन सीएसआर नियमांनी बाहेर ठेवलंय. विकणारा गोड बोलून हो म्हणतो, मग ऑडिटर बिल परत पाठवतो आणि बदनामी संस्थेची.

काजूबाग, वाळपई
आणखी एक. व्यसनमुक्तीचं काम करणारी संस्था, आणि तिच्या पानावर मांडवीतल्या कॅसिनोची जाहिरात! पानावरची जागा आपोआप लिलावात जाते, जो जास्त बोली लावतो त्याची जाहिरात दिसते, यंत्राला संस्था कळत नाही. जुगाराच्या जाहिरातींचा वर्ग पहिल्या दिवशीच बंद करून घ्या, आणि सेटिंगचा स्क्रीनशॉट कराराला जोडा.

आडवाट, पणजी
वर्ग बंद केला की बोली लावणारे कमी, दर खाली. ती तूट कोणाच्या वाट्यातून जाणार?

हिशेबनीस, डिचोली
दोघांच्या. जमेवर टक्का असला की ती आपोआप दोघांना बसते. नफ्यावर असला तर आधी संस्थेच्याच वाट्याला येते.