मदत हवी आहे: पोट शांत असताना भावाला कोलोनोस्कोपीसाठी (कॅमेऱ्याने मोठ्या आतड्याची तपासणी) कसं तयार करू?

धाकट्या भावाला १६व्या वर्षी अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट आजार) निघाला, आता तो २४चा आहे. सूज जवळजवळ अख्ख्या मोठ्या आतड्यात होती. डॉक्टर म्हणतात, त्रास सुरू होऊन ८ वर्षं झाली की कोलोनोस्कोपीने कॅन्सरची तपासणी सुरू करायची, वय कितीही कमी असो. हा ऐकतच नाही. "काही होत नाहीये, मग कशाला?" अहो, आजार शांत असतानाच ती नीट होते, सूज असली की पेशींमधले बदल ओळखणं अवघड जातं. (पोट साफ करायचं ते औषध पिणं हाच खरा वैताग, हे मलाही कबूल.)

विशीत कोणी केलीय का? आतड्यावर रंग फवारून केली की साधीच? पुढची किती वर्षांनी सांगितली?