‘मशीन बंद आहे, थांबा’ : डोळ्यांदेखतचे अनुभव लिहा

धागाकर्ता, कर्वेनगर

परवा सकाळी टेकडीवर आमच्या कट्ट्याची जवळजवळ हातघाई झाली. विषय जुनाच, ईव्हीएम. अर्धे म्हणतात सगळं मॅनेज असतं, अर्धे म्हणतात हरलेल्यांचं रडगाणं. मी विचारलं, बाबांनो, यंत्र बंद पडलेलं, अडलेलं, चुकलेलं कोणी स्वतः पाहिलंय का? अकरा जणांत दोन हात वर आले. त्यातला एक माझा.

म्हणून हा धागा. मतदार, केंद्रावरचे कर्मचारी, पोलिंग एजंट, मोजणीला बसलेले, कोणीही लिहा. फॉरवर्ड नकोत, भाच्याच्या मित्राने सांगितलेलं नको. पक्ष आणि शाळेचं नाव लिहू नका, नाहीतर धाग्याचा आखाडा होतो.

माझ्यापासून सुरुवात. १३ मे २०२४, लोकसभा. उन्हाच्या आधी उरकू म्हणून सातला दहा कमी असताना रांगेत उभा होतो. पुढे नऊ माणसं. सव्वासातला शिपाई बाहेर येऊन म्हणाला, “मशीन बंद आहे, थांबा.” किती वेळ, हे कोणी सांगेना. पन्नास मिनिटं गेली. मी निवृत्त, मला काय, पेपर वाचत उभा राहिलो. पण माझ्या मागे आमच्या इमारतीत चार घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी तीनदा घड्याळ बघितलं आणि “संध्याकाळी येते काका” म्हणून निघून गेल्या. त्यांच्यामागचे दोन रिक्षावालेही गेले. यंत्र सुरू झालं तेव्हा रांग निम्मी होती.

मास्तर, मुळशी रोड

मी ‘आतला’ माणूस. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, पाच निवडणुकांना ड्यूटी, त्यातल्या तीन वेळा केंद्राध्यक्ष. बाहेर रांगेत शिव्या पडतात त्या आम्हालाच.

आधी हे समजून घ्या की लोक ज्याला ‘मशीन’ म्हणतात त्या तीन वस्तू आहेत. बटणांचं बॅलट युनिट, चिठ्ठी छापणारं व्हीव्हीपॅट आणि आमच्या टेबलावरचं कंट्रोल युनिट. मत साठतं ते कंट्रोल युनिटमध्ये. माझ्या अनुभवात रुसतं ते बहुतेक वेळा मधलं, म्हणजे छपाईचं. त्यात कागदाचा रोल आहे, कातर आहे, सेन्सर आहेत. जिथे हलणारे भाग तिथे कटकट, हे सायकलवाल्यालाही कळतं. त्याच्या पाठीला एक खटका असतो, प्रवासात आडवा आणि मतदानाला उभा. तो उभा करायला विसरलं की झाली बोंब.

आदल्या दिवशी वाटप केंद्रावरून पेट्या घ्यायच्या, पीएमपीच्या बसने केंद्रावर जायचं, वर्गात बाकं जोडून झोपायचं. झोप कसली, डास मोजायचे. पहाटे साडेपाचला एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, किमान ५० मतं. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर. चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात घालून सील. हे ‘क्लिअर’ लक्षात ठेवा, विसरलं तर काय होतं ते मोजणीला बसलेलं कोणीतरी सांगेलच.

विधानसभेला, नोव्हेंबर २०२४, साडेनऊच्या सुमाराला एक आजोबा आत गेले. बटण दाबलं, दिवा लागला, पण बीप नाही. माझ्या स्क्रीनवर व्हीव्हीपॅटचा एरर. आजोबा पुठ्ठ्याच्या आडोशामागून विचारतात, “माझं मत गेलं का राहिलं?” खरं उत्तर असं की चिठ्ठी पूर्ण छापून कापून खाली पडल्याशिवाय मत नोंदलं जात नाही. त्यांना म्हटलं, राहिलं, बसा. झोनल साहेबांना, म्हणजे आमच्या भागातल्या केंद्रांवरच्या अधिकाऱ्यांना, फोन. राखीव यंत्रं त्यांच्या जीपमध्ये असतात आणि जीप त्या वेळी दुसऱ्याच केंद्रावर. पस्तीस मिनिटं. नियम असा की फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलायचं. कंट्रोल किंवा बॅलट युनिट गेलं तर तिन्ही बदलायची आणि नव्या संचावर नोटासकट प्रत्येक उमेदवाराला एकेक मत टाकून पुन्हा मॉक पोल करायचा. पहिल्या यंत्रातली मतं जातात कुठे, हे एजंटपासून सगळे विचारतात. ती त्यातच राहतात, यंत्र सील होतं आणि मोजणीला दोन्ही यंत्रं जातात. आजोबा तेवढा वेळ बाकावर बसून होते. शेवटी मत देऊन मलाच म्हणाले, “मास्तर, घाम पुसा.”

संध्याकाळचं वेगळंच. रजिस्टरवर सह्या ७४१, यंत्राचं टोटल ७४०. एजंट उभे राहिले. डोकं खाजवून आठवलं की एका पोराने सही केली, शाई लावून घेतली आणि मोबाइल आत नेऊ देत नाही म्हणून भांडून तसाच गेला. तो निघून गेल्याची नोंद आमच्या दोन नंबरच्या मॅडमनी नशिबाने केली होती. नाहीतर ते एक मत ‘गायब’ झाल्याची बातमी व्हायला किती वेळ?

सदाशिवपेठी

माझा अनुभव छोटा आहे आणि यंत्राचा दोष नाही, पण लोक तो यंत्राच्याच नावावर लिहितात. महापालिका, १५ जानेवारी २०२६. चारजणांचा प्रभाग, म्हणजे एका मतदाराने चार बटणं दाबायची. अ पांढरा, ब गुलाबी, क पिवळा, ड निळा. माझ्या आईने (वय ८३) आपल्या ओळखीच्या दोघांना मत दिलं आणि बीपची वाट बघत उभी राहिली. चारही मतं पडेपर्यंत शेवटची बीप होतच नाही. बाहेरून अधिकारी ओरडतायत, “आजी, अजून दोन!” आई म्हणते, “मला उरलेले दोघं पटत नाहीत.” शेवटी तिला ‘वरीलपैकी कोणीही नाही’ची बटणं शोधायला लावली. घरी येऊन तिने सोसायटीभर सांगितलं की मशीन माझं मत घेत नव्हतं. त्यात चिठ्ठीही नव्हती, पालिकेला व्हीव्हीपॅट नसतं. म्हणजे खात्री करायलाही काही नाही.

हिंजवडीचा हमाल (आयटीतला)

ईव्हीएम नेटवर्कला जोडलेलं नसतं, त्यामुळे ‘हॅक केलं’ म्हणणाऱ्यांनी आधी कसं ते सांगावं. उलट बाजूनेही, ‘हात लावता येत नाही’ हे खरं नाही. २०१० मध्ये संगणकतज्ज्ञ हरिप्रसाद, ॲलेक्स हाल्डरमन आणि रॉप गोंग्ग्रेप यांनी यंत्र हातात मिळालं तर त्यात काय फेरफार करता येतो ते दाखवलं होतं. सगळा प्रश्न यंत्र कोणाच्या हातात किती वेळ राहतं, हा आहे. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात सासवडला…

धागाकर्ता

साहेब, नियम वाचा. तुम्ही स्वतः काय पाहिलंत?

हिंजवडीचा हमाल (आयटीतला)

बरं. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्येच केंद्र होतं. चिठ्ठी सात सेकंद दिसते म्हणतात. मी बटण दाबलं, वाकलो, चष्मा सरसावला, काच गडद, आतला दिवा मिणमिणता. चिन्ह दिसलं असं वाटेपर्यंत चिठ्ठी पडली. मी चिठ्ठी ‘पाहिली’, वाचली असं शपथेवर सांगणार नाही. तक्रार करता येते, लेखी द्यायचं, मग सगळ्यांसमोर चाचणी मत. पण तक्रार खोटी ठरली तर शिक्षेची तरतूद आहे हे भिंतीवरच्या कागदावर वाचलं आणि गुपचूप शाई वाळवत घरी आलो. चाचणीत यंत्र नीट चाललं तर आधीच्या वेळी नीट चाललं नव्हतं हे मी कसं दाखवणार?

जाता जाता ते ‘दिवसभर वापरूनही मोजणीला यंत्राची बॅटरी ९९ टक्के कशी’ या आरोपाचं प्रकरण. कंट्रोल युनिटची बॅटरी मोबाइलसारखी चार्ज करायची नसते, अल्कलाइन असते. तिचा व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर असेपर्यंत आकडा ९९ वरच दिसतो, असं आयोगाचं स्पष्टीकरण आहे.

मास्तर, मुळशी रोड

माझ्या यंत्रावर शेवटी किती टक्के होते ते मी बघितलंच नाही. तेव्हा मी पाकिटं सील करत होतो. किती पाकिटं असतात ते विचारू नका.

गोंदियावाला, सध्या वारजे

का सांगू जी, माझं तर मतच गेलं. २८ मे २०१८, भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक. त्याच दिवशी तिकडे पालघरचीही होती. मी वारज्यात भाड्याने राहत होतो, नाव गावच्या यादीत. दोन दिवस सुट्टी टाकून महाराष्ट्र एक्सप्रेसने गेलो. आमच्याकडचा मे महिना पुणेकरांना सांगून कळणार नाही. सकाळी आठपासून रांगेत, साडेनऊला व्हीव्हीपॅट बंद. दुसरं आणलं, तेही बंद. बाया मंडपात बसल्या, पोरं झाडाखाली. दुपारी सांगितलं, आता होत नाही, घरी जा.

नंतर कारण सांगितलं की छपाईच्या सेन्सरवर थेट उजेड पडला, आणि उष्णतेचंही बोलले. आमच्या शाळेत खिडकीला लागूनच टेबल होतं. ३० मेला ४९ केंद्रांवर फेरमतदान घेतलं, त्यात आमचं होतं. पण २९ ची माझी परतीची गाडी होती, सुट्टी संपलेली, वेटिंगवर दुसरं तिकीट मिळेना. फेरमतदान झालं तेव्हा मी बहुतेक हडपसरच्या सिग्नलला उभा होतो. कागदावर सगळं नियमानुसार आहे बाप्पा, यंत्र बिघडलं, परत घेतलं. मला मात्र परत घेता आलं नाही.

मोजणीवाला

मास्तरांनी माझ्यासाठी जागा ठेवली आहे म्हणून लिहितो. निवडणूक कोणती ते सांगत नाही, ठिकाण पुणे परिसर. मी मतमोजणी प्रतिनिधी, जाळीच्या अलीकडे. कंट्रोल युनिट येतं, सील दाखवतात, रिझल्टचं बटण दाबतात, आकडे आपण लिहून घ्यायचे आणि १७-सी फॉर्मशी, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशोबाशी, पडताळायचे.

एका केंद्राचा फॉर्म म्हणतो ६१२. यंत्र म्हणतं ६६२. टेबलावर क्षणभर कोणी बोललं नाही. मग माझ्या शेजारच्या, विरोधी पक्षाच्या, प्रतिनिधीनेच आधी ओळखलं, “पन्नास जास्त आहेत.” म्हणजे मॉक पोलची पन्नास मतं पुसलीच नव्हती. पहाटे कोणीतरी क्लोज केलं, रिझल्ट बघितला आणि क्लिअर राहून गेलं. सकाळी सातला दारात रांग उभी असते, एजंट घाई करत असतात, मी त्या माणसाला शिव्या देऊ शकत नाही.

ते यंत्र बाजूला ठेवलं. अशा यंत्रांतली मतं विजयाच्या फरकापेक्षा कमी असतील तर ती मोजायची गरज नसते, फरक कमी असेल तरच चिठ्ठ्या मोजतात. आमच्याकडे फरक काही हजारांचा होता. निकाल बदलला नाही, बदलणारही नव्हता. पण ते ६१२ लोक उन्हात उभे राहिले, शाई लावून घेतली, सेल्फी टाकले असतील, आणि त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नाही की आपलं मत बेरजेत नाही. मी घरी येताना वारंवार तो वॉर्ड आठवत होतो. तिथे माझी मावसबहीण राहते. तिला अजून सांगितलेलं नाही.

शिवाजीनगर कोर्टाचा जुना वकील

मोजणीवाल्यांच्या अनुभवावर एक जोड देतो, स्वतः पाहिलेलं नाही पण निकालपत्र स्वतः वाचलंय, चालवून घ्या. यंत्रामुळे निकाल खरोखर उलटला ते आपल्या पहिल्याच प्रयोगात. केरळ, परूर मतदारसंघ, १९८२. ५० केंद्रांवर यंत्रं. शिवन पिल्लै १२३ मतांनी निवडून आले. ए. सी. जोस कोर्टात गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवर कागदी मतपत्रिकेने फेरमतदान लावलं आणि जोस जिंकले. गंमत अशी की यंत्र बिघडल्याचं कोर्टाने म्हटलेलं नव्हतं. कायद्यात यंत्राची तरतूदच नाही, एवढंच म्हटलं. मग कायदा बदलला, यंत्राने मतदानाला परवानगी देणारं कलम ६१-अ आलं. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पैसे भरून ५ टक्के यंत्रं तपासून मागता येतात. विधानसभेनंतर तो दर यंत्राच्या एका संचाला ४० हजार अधिक जीएसटी होता. शंका घ्यायची तर खिसा हवा.

मार्केट यार्डातला

मी काही मशीन बंद पडलेलं बघितलं नाही. नोव्हेंबर २०२४ ला निकालानंतर कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव फुले वाड्यात उपोषणाला बसले, तिथं दोन दिवस सतरंज्या उचलायला होतो. नव्वदी ओलांडलेला माणूस. येणारा प्रत्येक जण आपापल्या गावच्या बूथचे आकडे सांगायचा, “आमच्या घरात सात मतं, बूथवर पाच कशी?” मी ऐकून घ्यायचो. एकाला विचारलं, घरातल्या सातही जणांनी तुला खरं सांगितलं कशावरून? तो चिडला. नंतर मीच विचार केला, माझ्या घरात मी विचारायचं धाडस केलंय का? नाही केलं.

सदाशिवपेठी

हे बेस्ट आहे. कागदी मतपत्रिका हव्यात म्हणणाऱ्या माझ्या काकांना मी फक्त एकच आठवण करून देते. ते स्वतः मोजणीला असायचे, दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडलेला शिक्का कोणाचा यावर मध्यरात्री वाद घालत.

हिंजवडीचा हमाल (आयटीतला)

मास्तर, एक विचारायचं राहिलं. बंद काळात रांगेतून किती लोक परत गेले, याची नोंद कुठल्या फॉर्मवर असते?

मास्तर, मुळशी रोड

केंद्राध्यक्षाच्या डायरीत मतदान किती वेळ थांबलं आणि का, ते लिहितो. दर दोन तासांचे आकडेही देतो. परत गेलेल्यांचा रकाना नाही. असता तरी कोण मोजणार, मी तेव्हा झोनलला फोन लावत असतो. धागाकर्ते, त्या मावशी संध्याकाळी आल्या का?

धागाकर्ता

आल्या. सहा वाजून दहा मिनिटांनी. सहाला रांगेतल्या शेवटच्या माणसापासून नंबराच्या चिठ्ठ्या वाटून फाटक लावलं होतं. हे मला वॉचमनकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कणीक मळत होत्या तेव्हा बोटाला शाई नव्हती. मी चहा घेऊन गॅलरीत गेलो.