म्हणे, ग्रामसभेला जंगल देऊन चूक झाली!

तेंदूपान: काल इथेच एकाने लिहिलं, "गडचिरोलीच्या ग्रामसभांना तेंदू (विडीचं पान)-बांबू विकता येत नाही, ठेकेदार लुटतात. सगळं वनखात्याला परत द्या." डोकं उठलं. पतपेढी बुडाली की ठेवीदाराला म्हणता का, तुला पैसे कळत नाहीत, पगार आमच्याकडे दे?
गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचा सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, 2009 मध्ये मान्य झाला, सुमारे 1,800 हेक्टर. पण बांबूचा वाहतूक परवाना देणार कोण? वनखातं! कपाट तुमचं, किल्ली आमची. 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा कुठे परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. एका पुस्तकासाठी दिल्लीहून मंत्री, आणि अडाणी म्हणे गावकरी.

निवृत्त_रेंजर: तो प्रतिसाद माझाच. 32 वर्षं जंगलात काढलीत, पुस्तकात नाही. उठसूट मेंढा! तिथे सर्वसहमतीशिवाय ठराव होत नाही. बाकी ठिकाणी ग्रामसभा म्हणजे चार माणसं आणि ठेकेदाराचा चहा. शिवाय बांबू झाड आहे. 1927 चा भारतीय वन कायदा उघडून बघा.

माणगा_कुडाळ: गवत आहे ओ ते! माझ्या स्वतःच्या बागेतला माणगा (आमच्याकडचा बांबू) टेम्पोत भरला तर नाक्यावर तीन तास बसवलं. सातबारा दाखवला, तरी 'साहेब जेवायला गेलेत'.

निवृत्त_रेंजर: तुमच्या टेम्पोचा पेसाशी, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याशी, काय संबंध?

माणगा_कुडाळ: तुमच्या 1927 शी आहे. त्यातल्या झाडाच्या व्याख्येतून 2017 मध्ये बांबू काढला, माहीत आहे ना?

निवृत्त_रेंजर: तो बदल जंगलाबाहेरच्या बांबूसाठी! अर्धवट वाचून येतात.

तेंदूपान: आणि जंगलातल्यासाठी वनहक्क कायदा. बांबू गौण वनउपज, 2006 पासून. तो कधी वाचणार?

पुणेरी_टोला: गवत की झाड ते ठरवा निवांत. प्रत्येक गाव सरकार झालं तर खाणी-रस्ते कसे होणार? ओडिशातल्या नियमगिरीत 12 ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीचा अख्खा प्रकल्प अडवला.

तेंदूपान: ती 12 गावं ओडिशा सरकारनेच निवडली होती. 2013 मध्ये बाराही नाही म्हणाली. पेपर तुम्हीच काढायचा आणि उत्तर आवडलं नाही की परीक्षाच रद्द?

मोहफुल: मी फळीवर, म्हणजे तेंदूपानं गोळा होतात तिथे, पुडे मोजते, 70 पानांचा एक. ठेकेदाराने आमच्याही गावाला बुडवलं, दोन हप्ते देऊन गायब झाला. मुलीची फी राहिली. ग्रामसभेत मीच सगळ्यात जास्त ओरडले. पुढच्या हंगामात ठराव केला, पैसे खात्यात आल्याशिवाय गोणी हलणार नाही. हलली नाही. आधी खात्याच्या काळात पुड्याचा भाव कोणी आम्हाला विचारून ठरवला होता का, रेंजरसाहेब? 'मावा नाटे, मावा राज' (आमच्या गावात आमचं राज्य) भिंतीवर लिहिणं सोपं, हिशोबाची वही ठेवणं कठीण, कबूल. पण वही आता आमच्या घरात आहे.

निवृत्त_रेंजर: ताई, तुमचं गाव शहाणं निघालं, अभिनंदन. अशी किती?

मोहफुल: तुमच्या खात्यात शहाणे रेंजर किती होते?

निवृत्त_रेंजर: बरं बाई, असू द्या पुस्तक ग्रामसभेकडे. पण बांबू गवत आहे ना? मग गवताला परवाना कशाला लागतो?

माणगा_कुडाळ: काका, हेच त्या नाक्यावर विचारलं होतं. म्हणून तर तीन तास.