अबिराटेरोनवर पीएसए चढतोय: एआर-व्ही७ करावी की सीटीडीएनए?

प्रश्न
हाडांत पसरलेला, कास्ट्रेशन-प्रतिरोधी (टेस्टोस्टेरॉन दाबूनही वाढणारा) प्रोस्टेट कॅन्सर. अबिराटेरोन (टेस्टोस्टेरॉन बनू न देणारी गोळी) आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) सुरू आहे. पीएसए (प्रोस्टेटचं रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) १.८ पर्यंत उतरला होता, आता ४.६. टेस्टोस्टेरॉन २० च्या खाली. पुढे एन्झालुटामाइड (हार्मोनचा रिसेप्टर अडवणारं औषध) की डोसेटॅक्सेल (केमो)? बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) फार जुना आहे. डोसेटॅक्सेलचा पहिला डोस देऊन मग सीटीडीएनएसाठी (रक्तात उतरलेला गाठीचा डीएनए) रक्त घेतलं तर चालेल का?

उत्तर १
नाही, रक्त डोसच्या आधीच घ्या. औषध लागू पडलं की रक्तातला गाठीचा डीएनए झपाट्याने घटतो आणि अहवाल कोरा येतो.

पीएसए तीन आठवड्यांनी पुन्हा करा. नीचांकापेक्षा २५ टक्के आणि किमान २ नॅनोग्रॅम वाढ दोनदा दिसली, तरच ती खरी धरतात.

एआर-व्ही७ ही अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) रिसेप्टरची तुटकी आवृत्ती. तिच्यात हार्मोन पकडणारा भागच नसतो, म्हणून एन्झालुटामाइडला धरायला जागा उरत नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या २०१४ च्या अभ्यासात ती सापडलेल्या एकाही रुग्णाचा पीएसए एन्झालुटामाइड किंवा अबिराटेरोनने निम्म्यावर आला नाही. पण ती नाही आली म्हणून एन्झालुटामाइड चालेलच असं नाही. अबिराटेरोननंतर ते तसंही कमीच चालतं. पैसे एकाच तपासणीपुरते असतील तर सीटीडीएनए करा. बीआरसीए२ (डीएनए दुरुस्त करणारं जनुक) बिघडलेलं सापडलं तर ओलापॅरिबचा (अशा बिघाडावर चालणारं औषध) मार्ग खुला होतो.

उत्तर २
नमुना बिघडतो तो बहुतेक नळीत. स्ट्रेक नळी (पेशी फुटू न देणारी खास नळी) पूर्ण भरा, ८ ते १० वेळा हळूच उलटी-सुलटी करा. फ्रिजमध्ये किंवा बर्फावर अजिबात नको. साध्या ईडीटीए (फक्त रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घेतलं तर काही तासांतच प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो. एआर-व्ही७ ही आरएनएवर किंवा प्रथिनावर, रक्तात फिरणाऱ्या कॅन्सर पेशींतून पाहतात. नेहमीच्या डीएनए पॅनेलमध्ये ती शोधू नका.

उत्तर ३
सीटीडीएनएच्या अहवालात आधी ट्यूमर फ्रॅक्शन (रक्तातल्या मोकळ्या डीएनएत गाठीचा वाटा) बघा. ते अगदी कमी असेल तर ‘काही सापडलं नाही’ याला अर्थ नाही. एटीएम किंवा चेक२ (हीही डीएनए दुरुस्तीशी जोडलेली जनुकं) यांत बदल आला तर त्याच रुग्णाच्या पांढऱ्या पेशींची जोडतपासणी मागाच. वयानुसार रक्तपेशींत साचलेले बदल गाठीचे म्हणून छापले जातात, आणि ओलापॅरिब उगाच सुरू होतं. एल७०२एच (अँड्रोजेन रिसेप्टरमधला एक बदल) दिसलं तर प्रेडनिसोलोनच रिसेप्टर चेतवत असण्याची शक्यता धरा.

आणखी एक: पीएसए कमी असून यकृतात गाठी वाढत असतील तर न्यूरोएंडोक्राइन बदलाचा (गाठ पीएसए न बनवणाऱ्या, वेगळ्या आक्रमक प्रकारात बदलणे) संशय घ्या. क्रोमोग्रॅनिन ए (या बदलाची रक्ततपासणी) करताना पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) सुरू आहे का विचारा. त्याने आकडा खोटा चढतो. अशा वेळी यकृताची बायोप्सी टाळू नये.