मदत हवी आहे: ताटातूट आणि घरातली गुपितं असलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या सुचवा

नमस्कार मंडळी,

आईसाठी पुस्तकं हवी आहेत. ती मराठीच वाचते, त्यामुळे मूळ मराठी किंवा चांगला अनुवाद, दोन्ही चालेल. स्वामी, राऊ, पानिपत हे सगळं तिचं कधीच वाचून झालंय आणि आता ती म्हणते की गादी, स्वाऱ्या, फितुरी हे पुष्कळ झालं, त्या धामधुमीत साध्या घरांचं काय झालं ते वाचायचंय. म्हणजे युद्ध, फाळणी, दुष्काळ असल्या कारणाने माणसं एकमेकांपासून तुटली आणि मग मागे राहिलेल्यांनी वर्षानुवर्षं काहीतरी लपवलं, अशा गोष्टी.

अंदाज यावा म्हणून सांगते, अमृता प्रीतम यांची पिंजर तिला मी वाचून दाखवली, हिंदीतून, जमेल तसं मराठी करत. पूरोला पळवून नेतात ते फाळणीच्या कितीतरी आधी, दोन घरांच्या जुन्या वैरातून. एका रात्री ती निसटून घरी पोचते आणि आईवडीलच तिला परत पाठवतात. पुढे तिच्या हातावर हमीदा हे नवं नाव गोंदतात, मग दिवसा ती हमीदा आणि रात्री स्वप्नात पूरो. इथे आईने मला थांबवलं आणि तो भाग परत वाचायला लावला. १९४९ मध्ये पळवलेल्या बायकांना शोधून परत आणायचा कायदा झाला, त्यात कितीतरी जणींची पुन्हा ताटातूट झाली कारण तोवर त्यांना इकडे मुलं झाली होती, हे मी तिला सांगितल्यावर तर तिला त्यावरचंच अजून काहीतरी हवंय. तमस ही कादंबरी मात्र नको, दंगलीची वर्णनं तिला सोसत नाहीत.

दुसरं म्हणजे आमचं माहेर रत्नागिरी. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि इथे आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो इथेच वारला, हे तिकडे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्या थोरल्या राजकन्येला राजवाड्यावरच्या दरवानापासून मुलगी झाली, टुटू, ती रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलायची आणि शेवटपर्यंत गरिबीत राहिली, ही खरी गोष्ट मला कुठल्याही कादंबरीपेक्षा मोठी वाटते. अमिताव घोष यांची द ग्लास पॅलेस मी इंग्रजीतून वाचलीय, त्यात मंडालेचा राजवाडा, रत्नागिरी, मग १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून पायी निघालेली माणसं आणि कितीतरी वर्षांनी काकाला शोधत रंगूनला गेलेली पुतणी, सगळं आहे. याचा मराठी अनुवाद कुणी वाचलाय का, आणि भाषा कशी आहे? शब्दाला शब्द ठेवलेला अनुवाद आई दहा पानांत बाजूला ठेवते.

मला स्वतःला पाचिंको फार आवडली, मिन जिन ली यांची. जपानमध्ये राहणारं कोरियन कुटुंब, १९१० पासून १९८९ पर्यंत. थोरल्या मुलाला आपला खरा बाप कोण हे कळतं आणि तो सगळ्यांना सोडून दुसऱ्या गावी जपानी म्हणून राहायला लागतो. पुढचं सांगत नाही. मला त्यात हे पटलं की आई खोटं बोलली ती मुलाला जगवायला, लेखिकेने वाचकाला दचकवायला ते गुपित ठेवलेलं नाही. शेवटच्या प्रकरणात जुनी पत्रपेटी सापडते आणि सगळा उलगडा होतो, असली पुस्तकं कृपया सुचवू नका.

आणि एक खास विचारायचंय. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंनी नवरा गेला हे कधी मानलंच नाही, वैधव्य घेतलं नाही, आणि मधल्या काळात भाऊंचा तोतया उभा राहिला, लोक त्याच्या मागे गेले, १७७६ मध्ये त्याला मारलं. बाईंच्या मनात त्या दिवसांत काय चाललं असेल! तोतयावर नाटक आहे ते माहितीय, पण पूर्ण त्यांच्या बाजूने लिहिलेली कादंबरी आहे का? लढाईवरून परत न आलेल्या साध्या बारगिराच्या, बाजारबुणग्यांच्या घरची असली तर फारच उत्तम.

पुस्तक आता मिळतं की फक्त ग्रंथालयात, आणि टाईप बारीक आहे का, एवढं सोबत लिहिलंत तर बरं पडेल. शेवट मात्र फोडू नका, मीच तिला वाचून दाखवणार आहे.