मदत हवी आहे: रिक्षाचं स्थिर भाडं उणे पन्नास पैसे येतंय!

नमस्कार मंडळी,

कन्या यंदा दहावीला. गणित भाग १ चा पहिलाच धडा, दोन चलांतील रेषीय समीकरणे. उदाहरणं पटापट सोडवते, पण परवा म्हणाली, "बाबा, पेन केवढ्याला आणि वही केवढ्याला हे दुकानदारालाच विचारायचं ना सरळ!" मुद्दा बिनतोड होता. म्हणून बापाने शहाणपणा केला आणि 'खरं' उदाहरण द्यायला गेला.

गेल्या आठवड्यात आम्ही वारज्याहून दोनदा रिक्षा केली. एकदा कर्वे पुतळ्यापर्यंत, ४.५ किमी, ७६ रुपये. एकदा गरवारे कॉलेजपाशी, ७.५ किमी, १२७ रुपये. (मीटरचे आकडे मी लिहून ठेवतो. घरचे यावरून हसतात, तुम्हीही हसा.) म्हटलं, बसल्याबसल्या पडणारं स्थिर भाडं क्ष मानू, दर किलोमीटरचा दर य मानू. आता काढून दाखव.

क्ष + ४.५य = ७६
क्ष + ७.५य = १२७

वरचं खालच्यातून वजा केलं, क्ष चा लोप झाला, ३य = ५१, म्हणून य = १७. इथपर्यंत झकास, दरही तेवढाच आहे. पण ही किंमत पहिल्या समीकरणात ठेवली तर क्ष = ७६ − ७६.५ = −०.५.

म्हणजे रिक्षात बसलं की रिक्षावाले काका आपल्यालाच आठ आणे देणार? पुण्यात?

क्रेमरच्या पद्धतीनेही केलं (समीकरणांतल्या आकड्यांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी म्हणजे निश्चयक; क्ष आणि य चे निश्चयक मूळ निश्चयकाने भागायचे). मूळ निश्चयक ३, क्ष चा −१.५, य चा ५१. उत्तर तेच. शिवाय आजीला दवाखान्यात नेलं त्या फेरीचे १ किमीला २५ रुपये दिले होते, ते या समीकरणाने १६.५ येतात. कन्येचा माझ्यावरचा विश्वास उडत चाललाय. जाणकारांनी लवकर प्रकाश टाकावा.

गच्चीवरचा_गणपत: वजाबाकी करताना वरच्या समीकरणाची सगळी चिन्हं बदललीत का? आमच्याकडे नेहमी तिथेच माती खातात. पहिल्या पदाचं चिन्ह बदलायचं आणि उजव्या बाजूचं विसरायचं.

धागाकर्ता: बदलली हो. ताळाही बसतो: −०.५ + १२७.५ = १२७.

सिंहगडरोडकर: वेटिंग धरलं का? सिग्नलला उभं राहिलं की मीटर चालूच असतो.

धागाकर्ता: वेटिंग पडलं असतं तर य बरोब्बर १७ कसा आला असता?

शिकवणीवाली: दादा, समीकरणं तुम्ही अचूक सोडवलीत. घोळ सोडवण्याच्या आधी झालाय, "क्ष मानू" या ओळीत.

सप्टेंबर २०२२ मध्ये लागू झालेला दर आठवा: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरला १७. म्हणजे २५ रुपये नुसते बसण्याचे नाहीत, त्यात दीड किलोमीटर आलं. तुम्ही मात्र तेच दीड किलोमीटर य च्या सहगुणकातही, म्हणजे य आधीच्या आकड्यातही, मोजलंत. ते काढून टाका. ४.५ चे ३ उरतील, ७.५ चे ६.

क्ष + ३य = ७६
क्ष + ६य = १२७

य = १७, क्ष = २५. झालं.

आता तुमचे आठ आणे कुठून आले ते बघा, मला तेच जास्त आवडलं. दीड किलोमीटरचे १७ च्या दराने २५.५० होतात आणि आपण देतो २५. तो फरक म्हणजे तुमचा −०.५. आलेखात ही तिरकी रेषा मागे शून्य किलोमीटरपर्यंत ओढली तर ती अक्षाला −०.५ वर छेदते. पण दीडच्या अलीकडे भाडं त्या रेषेवर नसतंच, तिथे ते २५ वर आडवं असतं. आजींची फेरी या आडव्या तुकड्यातली, म्हणून ती तुमच्या समीकरणात बसली नाही.

क्रेमर बिचाऱ्याला दोष देऊ नका. १७५० साली त्याने पद्धत छापली, तुम्ही द्याल त्या समीकरणांचं उत्तर ती देते. दोन्ही फेऱ्या ४.५ किमीच्याच घेतल्या असत्यात तर मूळ निश्चयक शून्य आला असता आणि शून्याने भागता येत नाही म्हणून ती तिथेच अडली असती.

गच्चीवरचा_गणपत: +१. मी उगाच चिन्हांच्या मागे लागलो.

धागाकर्ता: ताई, शतशः आभार! लगेच आलेखकागद काढला. आडवा तुकडा, मग चढती रेषा. मी म्हटलं, जोड दीडवर येतो हे आपल्याला दरामुळे माहीत आहे. तर कन्या म्हणाली, माहीत नसलं तरी काढता येईल: भाडं = २५ हे एक समीकरण, भाडं = १७ × अंतर − ०.५ हे दुसरं. सोडवलं आणि (१.५, २५) आलं. दोन चलं, दोन समीकरणं, आणि ज्या उणे आठ आण्यांवर मी डोकं फोडत होतो ते तिने कामाला लावले. मी आपला पेन्सिलला टोक काढत बसलो.